नदीच्या पोटातले राजकारण : तोरणमाळहून अमिता बाविस्कर वाचताना



मागच्या हिवाळ्यात तोरणमाळला आमचे दोन दिवसांचे युवा शिबिर झाले. विषय होता संविधान आणि वनहक्क. रात्री शेकोटीभोवती बसलो असताना अक्राणी तालुक्यातल्या एका पावरा मुलाने प्रश्न विचारला. त्याच्या आजोबांचे घर आणि शेत सरदार सरोवराच्या पाण्यात गेले आणि कुटुंब तळोदा तालुक्यातल्या पुनर्वसन वसाहतीत आले. तो म्हणाला, "दादा, बाबासाहेब धरणांच्या बाजूने होते असे म्हणतात. मग आम्ही कोणाच्या बाजूने?"

आमच्यातल्या एकाने लगेच सांगून टाकले की पर्यावरण वगैरे सवर्णांचे चोचले आहेत, आपला प्रश्न नोकरीचा आणि प्रतिनिधित्वाचा. दुसरा म्हणाला की आदिवासी म्हणजे निसर्गपूजक, त्यांना विकास नकोच असतो. मुलगा दोन्ही उत्तरांवर गप्प राहिला. त्याची ती गप्पगिरी मला बोचली, कारण दोन्ही उत्तरांत तो स्वतः कुठेच नव्हता. एका उत्तरात त्याची बुडालेली जमीन नव्हती. दुसऱ्यात त्याची कॉलेजात शिकायची इच्छा नव्हती.

हा लेख त्या मुलासाठी आहे. उत्तर शोधताना मला एका अभ्यासक बाईंच्या कामाचा उपयोग झाला, म्हणून त्यांच्या कारकिर्दीचा इतिहास सांगत सांगत मुद्द्यावर येतो. त्यांचे नाव अमिता बाविस्कर. पर्यावरणाचे राजकारण हा त्यांचा विषय, आणि हे राजकारण त्या शिकल्या त्या तोरणमाळच्या उत्तरेला, नर्मदेच्या पलीकडच्या काठावर.

आधी जागा समजून घेऊ. तोरणमाळ सातपुड्याच्या माथ्यावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटरवर. दक्षिणेला उतरलात की शहादा आणि तापीचा सुपीक सपाट पट्टा: ऊस, कापूस, केळी, मोठ्या जमीनदार शेतकऱ्यांच्या बागायती. उत्तरेला डोंगररांगा उतरत उतरत नर्मदेपर्यंत जातात. त्या उतारावर भिल आणि पावऱ्यांचे पाडे. पर्यटनाच्या जाहिरातीत तोरणमाळ म्हणजे थंड हवेचे ठिकाण, यशवंत तलाव, सीताखाई, धुके. त्या फोटोंत माणूस सहसा नसतो. असलाच तर फेटा बांधून, ढोल गळ्यात घालून नाचणारा. सातबारा मागणारा माणूस जाहिरातीत कधी पाहिलाय?

नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच इथला इतिहास घडून गेला होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती या भिल नेत्याने सालदार आणि शेतमजुरांना उभे केले, सावकार आणि गुजर-पाटलांनी हडपलेल्या जमिनी परत मागितल्या, आणि त्यातून श्रमिक संघटना आकाराला आली. ही सपाटीवरची लढाई. डोंगरातली लढाई वेगळी होती आणि तिचा पहिला शत्रू होता वनखाते. त्यानंतर धरण आले. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ चा. त्यानुसार महाराष्ट्रातली ३३ गावे सरदार सरोवराखाली जाणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, सगळी आदिवासींची. बदल्यात महाराष्ट्राला विजेचा २७ टक्के वाटा. मणिबेली हे पहिले गाव, आणि १९९० च्या दशकात त्या नावाची चर्चा थेट वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँकेच्या मुख्यालयात होत होती.

याच काळात, १९९० च्या आसपास, दिल्लीत वाढलेली एक तरुणी अलिराजपूरच्या डोंगरात राहायला आली. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र आणि मग समाजशास्त्र, त्यानंतर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. त्या पीएच.डी.साठी तिने नर्मदेच्या उत्तर काठावरचे अंजनवाडा हे भिलाला आदिवासींचे गाव निवडले. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश. राज्यांची हद्द पाण्यातून जाते, पण नातीगोती तिला जुमानत नाहीत. शेकोटीजवळच्या त्या मुलाच्या घरीही पलीकडून सुना आलेल्या आहेत.

बाविस्कर हे आडनाव ऐकूनच खानदेशी वाचकाने कान टवकारले असतील. अमिता या समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांच्या कन्या. वडील दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक होते आणि त्यांचे नाव झाले ते कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्याच्या अभ्यासामुळे. त्यांचे पुस्तक १९८० साली आले. पाटबंधारे आल्यावर, ऊस आल्यावर, कारखाना आल्यावर गावातली सत्ता कोणाच्या हातात जाते, निवडणुका कशा लढवल्या जातात, पुढारी कसा घडतो, हे त्यांनी बारकाईने मांडले. आता वडील आणि मुलगी यांची पुस्तके शेजारी ठेवून पाहा. वडिलांच्या पुस्तकात पाणी ज्यांच्या शेतात पोचले त्यांचे राजकारण आहे. मुलीच्या पुस्तकात पाणी ज्यांच्या घरात शिरणार होते त्यांचे. महाराष्ट्राच्या विकासाचा आख्खा नकाशा एका घरातल्या दोन पुस्तकांत सापडतो, आणि हा योगायोग मला फार बोलका वाटतो. तोरणमाळच्या पठाराची दक्षिण उतरण म्हणजे वडिलांचा विषय, उत्तर उतरण म्हणजे मुलीचा.

'इन द बेली ऑफ द रिव्हर' म्हणजे 'नदीच्या पोटात' हे तिचे पुस्तक १९९५ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. ते गाजले यात आश्चर्य नव्हते, कारण तेव्हा नर्मदा हा शब्द जगभर गाजत होता. १९८९ ची हरसूदची प्रचंड सभा, १९९० च्या डिसेंबरात निघालेली आणि गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवलेली संघर्षयात्रा, जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा १९९२ चा अहवाल, आणि १९९३ मध्ये बँकेची माघार. अशा वेळी आंदोलनाच्या बाजूच्या अभ्यासकाने काय लिहायचे हे जवळजवळ ठरलेले होते. आदिवासी निसर्गाशी एकरूप आहेत, त्यांची जीवनशैली शाश्वत आहे, आणि आधुनिक विकास ती नष्ट करतो आहे. दिल्ली-मुंबईच्या सभागृहांत हेच ऐकायचे होते.

बाविस्कर हे ऐकवायला गेल्या आणि तिथे राहिल्यावर त्यांना वेगळेच दिसले. आदिवासी जंगल तोडून शेती करत होते. त्या शेताला तिकडे नेवाड म्हणतात, वनखाते त्याला अतिक्रमण म्हणते. डोंगर उतारावर नांगर फिरला की पाऊस माती घेऊन जातो, काही वर्षांत जमीन खडकाळ होते, हे आदिवासींनाही ठाऊक होते. पण सपाटीवरची चांगली जमीन पिढ्यांपूर्वीच हातातून गेलेली. राखीव जंगलाची रेषा इंग्रजांनी आखली आणि स्वतंत्र भारताने ती जपून ठेवली. मग पोट भरायला उतार नांगरण्यावाचून उरते काय? नाकेदार यायचा, धमकावायचा, कोंबडी-तूप-पैसे घेऊन जायचा, पुढच्या वर्षी पुन्हा यायचा. बेकायदेशीर शेती ही वनखात्याच्या खालच्या नोकरांची कायमची कमाई होती. त्याविरुद्ध १९८० च्या दशकात तिथे खेडूत मजदूर चेतना संगठ ही आदिवासींची संघटना उभी राहिली. अंजनवाड्याच्या लोकांसाठी धरणाआधीची लढाई ही होती आणि धरण आल्यावरही ती संपली नाही.

म्हणजे आंदोलनाच्या भाषणांत जो आदिवासी जंगलाचा रखवालदार होता, तो प्रत्यक्षात जंगलातली आपली बेकायदा ठरवलेली शेती वाचवायला भांडत होता. बाविस्करांनी हे लपवले नाही. भिलाला स्वतःला भिलांपेक्षा वरचे समजतात, कुळाकुळांत मानापमानावरून वैर चालते, हेही त्यांनी लिहिले. निसर्गाशी एकरूप असलेला आदिवासी ही प्रतिमा बाहेरच्यांनी बाहेरच्यांसाठी घडवली आहे, आदिवासींचे हक्क मात्र त्या प्रतिमेवर अवलंबून नाहीत, असा मी त्या पुस्तकाचा अर्थ लावतो. हक्कासाठी माणसाने आधी निर्मळ असल्याचे प्रमाणपत्र का दाखवायचे?

आपल्या चळवळीला हा मुद्दा नवा वाटायला नको. दलितांना 'हरिजन' म्हटले गेले तेव्हा नेमके हेच झाले होते. देवाचा माणूस म्हणून गौरव करायचा आणि तळ्यावर मात्र पाणी प्यायला मज्जाव. आदिवासीला निसर्गपुत्र म्हणायचे आणि जमिनीचा पट्टा द्यायची वेळ आली की अतिक्रमणदार. गौरवाचे शब्द आणि मालकीची कागदपत्रे वेगवेगळ्या कपाटांत ठेवायची ही ब्राह्मणी व्यवस्थेची जुनी हातोटी आहे.

पुस्तकातला दुसरा धागा आपल्या लोकांनी जास्त लक्ष देऊन वाचावा असा आहे. नर्मदा बचाओ आंदोलन एकसंध नव्हते. डोंगरात आदिवासी होते. वर निमाडच्या सपाट काळ्या मातीत पाटीदार शेतकरी होते, बागायतदार, पैसेवाले, ट्रॅक्टर-पंपवाले. धरणाने त्यांचीही जमीन जाणार होती, म्हणून तेही आंदोलनात. पैसा, गाड्या, मोर्चाला माणसे हे बळ त्यांचे. पण त्यांच्या शेतावर राबणारे मजूर दलित आणि आदिवासी. घोषणा एक, मंच एक, आणि मंचाखाली मालक-मजुराचे नाते जसेच्या तसे. आंदोलन मोठे व्हायला ही युती लागत होती, आणि युती टिकवायची तर मजुरीचा आणि जातीचा प्रश्न बाजूला ठेवावा लागत होता. बाविस्करांची सहानुभूती आंदोलनाकडे होती, त्या मोर्चांत चालल्या होत्या, तरी ही विसंगती त्यांनी मांडली. हे धाडस मी मोठे मानतो. चळवळीच्या बाजूचा अभ्यासक चळवळीचे प्रसिद्धिपत्रक लिहायला लागला की तो चळवळीच्याही उपयोगाचा राहत नाही. आपल्याकडचे कितीतरी विचारवंत या कसोटीवर नापास होतात, पण तो आजचा विषय नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचा अवघड भाग. बाबासाहेब धरणांच्या बाजूने होते का?

होते. हे आडवळणाने सांगण्याची गरज नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेसाठी जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला परिषद झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात ओरिसातल्या नद्यांसाठी कटकला झाली, दोन्ही ठिकाणी अध्यक्षस्थानी बाबासाहेब. कटकच्या भाषणात त्यांचा रोख असा होता की पूर म्हणजे नको असलेले पाणी अशी समजूत सोडा, पाणी ही संपत्ती आहे, ती साठवा, तिच्यापासून सिंचन, वीज आणि जलवाहतूक मिळवा. एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. आणि नर्मदेच्या खोऱ्याची पाहणी करण्याची विनंती मध्य प्रांत-वऱ्हाड आणि मुंबई या सरकारांनी त्याच सुमारास याच आयोगाकडे केली. म्हणजे नर्मदेवरच्या धरणांच्या कागदपत्रांचा माग काढत मागे गेलात तर बाबासाहेबांच्या खात्यापर्यंत पोचता. हे आपल्याला माहीत असले पाहिजे, विरोधकाने तोंडावर फेकण्याआधी.

आदिवासींविषयी त्यांनी १९३० आणि ४० च्या दशकांत जे थोडेसे लिहिले त्यातले काही आज खटकते, हेही मान्य करू. 'जातिनिर्मूलन'मध्ये त्यांनी आदिवासींच्या मागासलेपणाचा दोष हिंदू समाजाला दिला, पण त्यांना असंस्कृत म्हणण्याची तेव्हाची भाषा त्यांनीही वापरली. १९४५ मध्ये जातीय प्रश्नावरच्या भाषणात आदिम जमातींना अजून राजकीय जाण आलेली नाही असे त्यांचे मत दिसते. हे वाचून काही आदिवासी तरुण आपल्यापासून दूर जातात. त्यांना गप्प करू नका. बाबासाहेबांनी आपल्याला पोथी दिलेली नाही.

पण मग त्यांची दुसरी बाजूही पुरती वाचा. १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली, तिचे पूर्ण नावच दलितवर्ग आणि आदिम जमाती समिती असे होते, आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासण्याच्या त्या काळातल्या कामातच १९२९ मध्ये ते खानदेशात आले. परतताना चाळीसगावला टांगेवाल्याने अस्पृश्याला नेण्यास नकार दिला, अनुभव नसलेल्या माणसाने टांगा हाकला आणि बाबासाहेब पुलावर फेकले जाऊन जखमी झाले, तो प्रसंग आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा आजचा नंदुरबार पश्चिम खानदेशात होता. आणि १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मध्ये त्यांनी मागितले ते शेतीचे राष्ट्रीयीकरण, सामुदायिक शेती, जमिनीत कोणी जमीनदार नाही आणि कोणी कूळ नाही. त्यांच्या कल्पनेतले धरण या समाजव्यवस्थेत बसणारे होते. पाणी आधी कोणाच्या शेतात जाणार, हा प्रश्न त्यात जमिनीच्या मालकीपासून तोडलेला नव्हता. स्वतंत्र भारताने धरणे बांधली आणि जमिनीचा प्रश्न तसाच ठेवला. अर्धाच आराखडा उचलला, आणि तो उचलणाऱ्यांची शेते कालव्याच्या काठी होती.

महाडचे चवदार तळे आठवा. २० मार्च १९२७. पाणी तिथे होतेच. कायद्याने, १९२३ च्या बोले ठरावाने, ते खुलेही होते. प्रश्न ते कोणाचे हा होता. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्राने आणि १०८ घागरींनी ते तळे 'शुद्ध' केले. आपल्या देशातल्या पर्यावरण-चळवळींच्या इतिहासात चिपको १९७३ पासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. महाड त्यात का नाही? पाण्यावरचा हक्क हा पर्यावरणाचा प्रश्न नसेल तर दुसरे काय आहे? मुकुल शर्मा यांनी २०१७ साली जात आणि निसर्ग या विषयावर इंग्रजीत आख्खे पुस्तक लिहिले तेव्हा कुठे विद्यापीठांत याची थोडी चर्चा सुरू झाली.

गेल ऑम्वेट यांचे नावही इथे घेतले पाहिजे. १९९९ मध्ये अरुंधती रॉय यांनी नर्मदेवर लेख लिहिला तेव्हा गेलताईंनी त्यांना जाहीर पत्र लिहून सुनावले की धरण म्हणजे सरसकट पाप नव्हे, दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यालाही विचारा. सांगलीकडच्या बळीराजा धरणाच्या आणि समन्यायी पाणीवाटपाच्या लढ्यातून त्या बोलत होत्या. गेलताई आणि बाविस्कर यांची मते जुळत नाहीत, पण आदिवासी किंवा शेतकरी म्हणजे निसर्गाचे बाहुले नव्हे, तो स्वतःचे राजकारण करणारा माणूस आहे, इथे दोघी एकत्र येतात असे मला वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक अशा मताने धरणाला वाट मोकळी करून दिली. विस्थापनामुळे आदिवासींच्या मूलभूत हक्कांचा भंग होतोच असे नाही, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती भरुचा वेगळे पडले. धरण १३८.६८ मीटरपर्यंत गेले. आपल्या बाजूला तळोद्याची राखीव वनजमीन मोकळी करून तिथे सोमावल, रोझवा अशा वसाहती झाल्या. त्यातली गंमत, गंमत कसली, क्रौर्य म्हणू या, ते पाहा. त्याच वनजमिनीवर स्थानिक भूमिहीन आदिवासी आधीपासून कसत होते आणि ते 'अतिक्रमणदार' ठरले. जे जंगल स्थानिक भिलाला पोटासाठी द्यायला राखीव होते, ते धरणासाठी एका दिवसात राखीव राहिले नाही. आणि मग डोंगरातून आलेला आदिवासी आणि सपाटीचा आदिवासी एकमेकांसमोर उभे. आपला तो मुलगा ज्या शाळेत शिकला तिथे या दोन्ही घरांतली मुले एका बाकावर बसत. तो सांगतो, भांडणे व्हायची.

बाविस्कर पुढे दिल्लीकडे वळल्या, आणि त्यांच्या कामाचा हा दुसरा टप्पा शहरातल्या भीमसैनिकांनी वाचायलाच हवा. जानेवारी १९९५ मध्ये दिल्लीच्या अशोक विहारात एका अठरा वर्षांच्या पोराला ठार मारण्यात आले. गुन्हा काय, तर झोपडपट्टीत संडास नाही म्हणून तो बागेत शौचाला बसला. मारणारे त्या भागातले बंगलेवाले आणि सोबत पोलीस. निषेध करायला वस्ती उठली तर पोलिसांनी गोळीबार केला आणि आणखी चार जण मेले. बाविस्करांनी या प्रसंगापासून सुरुवात करून दाखवले की 'हिरवे शहर, स्वच्छ शहर' या मागणीच्या पोटात काय असते. त्यांनी त्याला बूर्झ्वा पर्यावरणवाद असे नाव दिले. १९९६ नंतर न्यायालयाच्या आदेशांनी दिल्लीतले कारखाने प्रदूषणाच्या नावाखाली बंद झाले, हजारो कामगार रस्त्यावर आले. २००४ मध्ये यमुनाकाठची पुश्ता वस्ती नदी मैली करते म्हणून उखडली गेली. नदी मैली होत होती ती मुख्यतः शहराच्या नाल्यांतून, ज्यांत पक्क्या घरांचा मैला येतो. आणि त्याच नदीपात्रात अक्षरधाम मंदिर आणि राष्ट्रकुल स्पर्धेचे क्रीडाग्राम मात्र उभे राहिले. २०२० साली आलेल्या 'अनसिव्हिल सिटी' या पुस्तकात हे सगळे एकत्र आहे. त्याआधी २०१० चे इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळाले होते. दिल्लीच्या आर्थिक विकास संस्थेत दीर्घकाळ काम करून त्या अशोका विद्यापीठात गेल्या.

इथे माझा आक्षेप आहे. 'बूर्झ्वा' या शब्दात वर्ग आहे, जात नाही. दिल्लीतली झोपडपट्टी, गटार उपसणारा, कचरा वेचणारा हे नुसते गरीब नाहीत. उघड्यावर बसलेल्या पोराला बघून बंगल्यातल्या माणसाच्या मनात जी किळस उसळते ती पैशातून आलेली नाही, ती विटाळातून आली आहे. १०८ घागरींची तीच किळस. संकल्पनेचे नाव ठेवतानाच जात बाहेर राहिली तर पुढचा अभ्यासक ती विसरून जातो. मी याला सवर्ण पर्यावरणवाद म्हणेन आणि बाविस्करांच्याच पुराव्यांवर म्हणेन.

त्यांचा आणखी एक लेख आहे, २००५ चा, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीतला. तो वाचताना मला झोप लागली नाही. ज्या झाबुआ-अलिराजपूरच्या पट्ट्यात आदिवासींची लढाऊ संघटना होती, तिथेच हिंदुत्वाच्या संघटना कशा पसरल्या आणि २००४ च्या सुरुवातीला ख्रिस्ती आदिवासींवर हल्ले करणाऱ्या जमावात आदिवासी कसे होते, याचा तो शोध आहे. फसवले गेले, भोळे आहेत असे म्हणून त्या सुटका करून घेत नाहीत. मान मिळवण्याची, मोठ्या समाजात मोजले जाण्याची जी इच्छा आदिवासी तरुणात आहे तिला कोणी तरी उत्तर दिले, आणि ते उत्तर आपण दिले नाही. तोरणमाळला महाशिवरात्रीला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते, सातपुड्यातून लोक पायी येतात. ती त्यांची यात्रा आहे, तिच्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण त्या वाटेवर अलीकडे कोणाचे फलक लागतात आणि कोणाचे लागत नाहीत, एवढे मोजता येते. शिबिराला जाताना मी मोजत होतो. वनहक्क कायदा २००६ चा फलक एकही दिसला नाही.

शेकोटीजवळच्या त्या मुलाला मी हे सगळे सकाळी तुकड्यातुकड्यांत सांगितले. बाबासाहेब धरणाच्या बाजूने होते, आणि जमीन समाजाच्या मालकीची असावी याही बाजूने होते, दुसरे सोडून पहिले घेणाऱ्यांनी तुझे घर बुडवले, असे म्हणालो. त्याने ऐकून घेतले. मग त्याने विचारले, अंजनवाड्याबद्दल एवढे मोठे पुस्तक आहे तर ते अंजनवाड्यात कोणी वाचले असेल का? मला उत्तर देता आले नाही. तीस वर्षांपूर्वी इंग्रजीत लिहिलेले ते पुस्तक आपल्या भाषेत, पावरीत तर सोडाच, मराठीत वाचगटांत फिरताना मी पाहिलेले नाही. पुस्तक लिहिणारे एका काठावर आणि ज्यांच्यावर लिहिले ते दुसऱ्या काठावर, अशी ही नदी अजून तशीच वाहते आहे.

तो आता शहाद्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत तो आपल्या वसाहतीतल्या आणि शेजारच्या स्थानिक भिलांच्या अशा दोन्ही पाड्यांतल्या म्हाताऱ्यांकडून कोण कधीपासून कोणती जमीन कसतो याची वही भरतोय. वनहक्काच्या दाव्यांना जुन्या माणसांचे जबाब पुरावा म्हणून लागतात. मागच्या आठवड्यात त्याने फोनवर सांगितले, चौथी वही सुरू झाली आहे, आणि ज्या घराशी लहानपणी भांडण होते त्या घरातली म्हातारी सगळ्यात जास्त बोलली.

जयभीम. जोहार.